ट्रकची गोधडी

मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपलं. मुल्लाने दुआ म्हटली, दारातल्या ढिगातून आपापले बूट हुडकून पाहुणे मार्गी लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरातल्या नारीन गावच्या त्या घरात दीड महिन्यात पहिल्यांदा दोनच माणसं उरली. जुमादिल आणि त्याची बायको बुरुल.

बुरुलने आरशावरचं कापड काढलं, झटकलं, घडी घातली. मग ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली.

"आता ते पण उघडा," ती म्हणाली.

ते म्हणजे कॉम्प्युटर. कोपऱ्यातल्या टेबलावर, कोळशाच्या शेगडीला लागून, तो एका जाड गोधडीखाली चाळीस दिवस बसून होता. गोधडी घरातली नव्हे, ट्रकची. जुमादिलने एकतीस वर्षं डेपोचा ट्रक दोलोनच्या घाटातून हाकला. उणे तीसच्या थंडीत मुक्काम पडला की आधी इंजिनावर ही गोधडी जायची, मग जुमादिलच्या पोटात चहा. निवृत्तीच्या दिवशी डेपोने त्याला एक घड्याळ दिलं आणि त्याने न विचारता गोधडी आणली. घड्याळ केव्हाच बंद पडलं होतं. गोधडीला अजून डिझेलचा वास होता.

त्याने ती उचलली, कॉम्प्युटरच्या डब्याचं बटण दाबलं. दिवा नाही, आवाज नाही. पुन्हा दाबलं.

"गार पडलाय," तो म्हणाला.

"शेगडीशेजारी?" बुरुल म्हणाली, आणि चहा ठेवायला निघून गेली.

हा कॉम्प्युटर शुमकारने पाठवला होता. शुमकार म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षं मॉस्कोत एका दुरुस्तीच्या दुकानात लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर उघडून बसायचा. चार वर्षांपूर्वी त्याने जुने सुटे भाग जमवून हा एक बांधला आणि गावाकडे येणाऱ्या बसवाल्याच्या गळ्यात मारला. दर रविवारी दुपारी पडद्यावर त्याचा चेहरा यायचा. आणि त्याने आत अशी काही करामत करून ठेवली होती की प्रत्येक कॉल आपोआप साठून राहायचा. "अपा, मी नसलो की जुने बघत बस," असं तो आईला म्हणाला होता. नसलो म्हणजे कामावर असलो, एवढाच त्याचा अर्थ होता.

जानेवारीत त्याला न्यूमोनिया झाला. अंगावर काढला, दवाखान्यात उशिरा गेला, आणि चौतिसाव्या वर्षी विमानातून पेटीत घरी आला.

फोटो पुष्कळ होते. आवाज फक्त या डब्यात होता. दोनशेच्या वर रविवार होते आत, पण बुरुलने एकच निवडून ठेवला होता. त्या रविवारी शुमकारने मॉस्कोतल्या खोलीत बेशबार्माक, म्हणजे मटणातल्या शेवया, करायला घेतलं होतं. लाटणं नव्हतं म्हणून बाटलीने कणीक लाटली, तिचे शेवटी गोळे झाले, आणि बुरुल इथून ओरडत राहिली की अरे मेल्या, पीठ लाव, पीठ. तो हसून हसून खाली बसला होता. सुतकात पडदा लावायचा नसतो म्हणून चाळीस दिवस ती थांबली. मनातल्या मनात ते हसणं राखून ठेवून थांबली. हे जुमादिलला माहीत होतं, कारण रोज निजायला जाताना ती म्हणायची, "अजून इतके राहिले."

आणि त्याला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्याच्या समजुतीप्रमाणे तिला माहीत नव्हती.

पण आधी वही. शुमकारचा कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच महिन्यात रुसला, तेव्हा त्याने फोनवरून बापाला, त्याच्या अताला, दुरुस्ती सांगायला सुरुवात केली. जुमादिलने डेपोची एक कोरी राहिलेली वही काढली आणि मुलगा बोलेल ते लिहू लागला. त्यातलं कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं, हे त्याला कळायचं नाही. म्हणून त्याने सगळंच लिहिलं. वहीत असा मजकूर होता:

"सगळ्यात आधी प्लग बघायचा. अता, रागावू नका, दहातले सहा जण प्लग न लावताच मला बोलावतात. मी म्हणालो मी एकतीस वर्षं गाडी चालवली. तो म्हणाला माहीत आहे, प्लग बघा. प्लग निघालेला होता. तो काही बोलला नाही. हसत असावा."

दुसरीकडे: "माउस हलत नसेल तर उलटा करून खालचा केस काढायचा. बुरुलचा केस निघाला. तिने विचारलं जेवलास का. तो म्हणाला जेवलो. खोटं वाटतं. तो म्हणाला अता हे पण लिहिताय का? हे नका लिहू."

अशी वही. चार वर्षांत तिची पानं दोन्ही बाजूंनी भरत आली होती, कारण फोन आला की हाताला जी बाजू लागेल तिथून म्हातारा लिहायला घ्यायचा. वही सुलटी की उलटी हे बघायला फुरसत कुणाला.

तर आता त्याने ती पुढ्यात घेतली, चष्मा लावला. पहिलं पान उघडलं आणि घाईने उलटलं. त्या पानावर काय होतं ते त्याला पाठ होतं. कॉम्प्युटर आला त्या दिवशी बुरुलने त्याच्यावर स्वतः विणलेला रुमाल अंथरला होता, आणि शुमकारने पडद्यावरून पाहताच तो काढायला लावला होता. मशीन मागच्या जाळीतून श्वास घेतं, त्याच्यावर काही म्हणजे काही टाकायचं नाही. बुरुलने त्यानंतर चार वर्षांत त्याच्यावर हातरुमालसुद्धा ठेवला नाही.

गोधडी टाकली ती जुमादिलने. दफनाच्या दिवशी. बाहेर अंगणात शुमकारसाठी यर्ट, नमद्याचा गोल तंबू, उभारलेलं, आत बायका भिंतीकडे तोंड करून कोशोक, मेलेल्याची शोकगीतं, गात होत्या, गारठ्याने तंबूचे खिळे हाताला चिकटत होते. कशासाठी तरी तो या खोलीत आला आणि काळ्या पडद्यात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. मुलाला पुरायला निघालेल्या बापाचं तोंड. आरसे झाकले होते, हा आरसा राहिला होता. त्याने कोनाड्यातली गोधडी ओढली आणि पडदा, डबा, सगळं एकदम गुंडाळलं, चारी बाजूंनी नीट खोचून, घाटात इंजिन गुंडाळायचा तसं. जे सकाळी चालू व्हायला हवं ते रात्री झाकून ठेवायचं, हे त्याच्या हाताला एकतीस वर्षं पाठ होतं. मात्र डबा चालू होता. रविवारच्या कॉलसाठी तो कायम चालूच असायचा. आणि पाहुण्यांसाठी शेगडी दिवसरात्र धगधगत होती.

हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तिसावा दिवस उलटून गेला होता. तेव्हाही त्याने गोधडी उचलली नाही, कारण चाळीस पुरे व्हायचे होते. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

त्याने प्लग पाहिला. पडद्याची वायर काढून डब्याला लावून पाहिली, वहीत होतं तसं. डबा उघडला, धूळ फुंकली, रॅमची पट्टी काढून खोडरबराने तिचे पितळी दात घासले, परत बसवली. "जोर न लावता बसत नसेल तर ते तिथलं नाही. हा ट्रक नाही अता, बुक्की मारायची नाही. बुक्की मारली का? मी म्हणालो हळूच." हे वाचताना म्हाताऱ्याचा हात बुक्कीसाठी उचललेलाच होता. तो त्याने खाली घेतला.

बुरुल चहा आणि तळलेले बोरसोक घेऊन आली. "कधी होईल?"

"होईल. डब्याच्या मागचा भाग गेलाय, वीज देणारा. करपल्याचा वास येतोय. बाजारातून दुसरा आणतो."

"वास तर तुमच्या गोधडीचा येतोय," ती म्हणाली.

जुमादिलने गोधडीची घडी करून ती कोनाड्यात कोंबली.

बाजारात गुलबर्चिनचं दुकान होतं. नारीनमध्ये कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक तिच्याकडे जात. ती शुमकारच्या वर्गातली. तिचंही काही अडलं की ती मॉस्कोला शुमकारला फोन लावायची. जुमादिलला पाहून ती उठून उभी राहिली, बसायला स्टूल दिलं.

"अक्साकाल," वडीलधाऱ्याला म्हणावं तसं ती म्हणाली, "मी घरी येते ना. दहा मिनिटांचं काम. दुकान बंद करून येते."

"तू कशाला? मला माझ्या पोराने शिकवलंय."

"ते खरंच. पण चाळीस दिवस बंद होतं, आणखी काही निघालं तर..."

"निघालं तर वहीत बघेन."

गुलबर्चिनने वाद घातला नाही. म्हाताऱ्याचा सुंभ जळाला होता, पीळ तेवढा शिल्लक होता, आणि तो काढून घ्यायला तिचं मन धजेना. तिने पॉवर सप्लायचा एक डबा फडक्यात गुंडाळून दिला. चार स्क्रू बरोबर आहेत का ते दोनदा मोजून दिले.

दुपारी जुमादिलने तो बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. स्वयंपाकघरात बुरुलच्या हातातून काहीतरी पडलं. ती धावत आली नाही, सावकाश चालत आली. डोक्याचा रुमाल नीट केला, टेबलासमोरच्या खुर्चीत बसली, दर रविवारी बसायची तशी हात मांडीवर ठेवून.

अक्षरं गेली. पडदा काळा झाला. डब्याच्या पोटातून आवाज येऊ लागला. टक, टक, टक. मग थोडं थांबून पुन्हा टक, टक, टक.

"हे काय?" बुरुल म्हणाली.

"धरतोय," जुमादिल म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. थंड इंजिन सकाळी चालू होताना असंच करतं. धरतं, सोडतं, धरतं, सोडतं. अशा वेळी जो ड्रायव्हर हार मानतो तो घाटात गोठून मरतो. किल्ली फिरवत राहायचं, त्याला दम द्यायचा, पुन्हा फिरवायचं. विसाव्या खेपेला का होईना, धरतंच. "बघ तू, जोर करतोय. आत जीव आहे."

त्याने बंद केला, चालू केला. टक, टक, टक. बंद केला, चालू केला. बुरुल तासभर बसली, मग कणीक मळायला गेली. तो बसून राहिला. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा त्याने थांबवलं, कारण दमलेल्या इंजिनाला विश्रांती द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसला. दुपारी आवाज बदलला. टक टकच्या मध्ये एक बारीक खरखर येऊ लागली, आणि त्याला वाटलं, आता धरेल.

धरलं नाही. तिसऱ्या दिवशी पंखा फिरायचा, पण आतून नुसती खरखर यायची. टक टकसुद्धा नाही.

तेव्हा त्याने वही पहिल्यापासून वाचायला घेतली, एकही पान न सोडता. पहिलं पानही वाचलं. खरखर कुठे नव्हती. वही संपली म्हणून त्याने मिटली, आणि मिटताना ती उलटी झाली. मागच्या पुठ्ठ्याला लागून, दुसऱ्या टोकाने लिहिलेलं एक पान होतं. अक्षर त्याचंच.

"हार्ड डिस्क म्हणजे जिथे सगळं साठतं ती. तिच्यातून टक टक असा आवाज आला तर काही करायचं नाही. अता, नीट ऐका, काही म्हणजे काही नाही. लगेच बंद. परत चालू करायचं नाही, एकदासुद्धा नाही, चालू कराल तितकं आतलं पुसलं जाईल. तशीच ठेवायची, मी आलो की काढेन. लिहिलंत का? लिहिलं. वाचून दाखवा. दाखवलं. शाब्बास अता."

त्याला आठवलं. गेल्या उन्हाळ्यातला रविवार. अंगणात जर्दाळू वाळत घातले होते आणि त्याचं अर्धं लक्ष कावळ्यांकडे होतं.

मग उठून त्याने प्लग काढला, टोपी घातली, आणि बाजारात जाऊन गुलबर्चिनला म्हणाला, "चल." एवढंच.

ती आली. तिने डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलकेच हलवली, तिच्या पेटीतल्या यंत्राला जोडली आणि लगेच काढली. बुरुल दारात उभी होती.

"अक्साकाल, टक टक येत होतं का हिच्यातून?"

"येत होतं."

"मग किती वेळा चालू केलीत?"

खोटं बोलता आलं असतं. त्या पोरीने ते खरंही मानलं असतं.

"मोजलं नाही," जुमादिल म्हणाला. "दोन दिवस."

गुलबर्चिनने डिस्क फडक्यावर ठेवली. "आत तबकडी असते. तिच्यावर एक सुई फिरते. ती उष्णतेने, धगीने वाकडी झाली की टक टक करते. तेव्हाच बंद केली असती तर राजधानीत, बिश्केकला, कुणीतरी..." ती थांबली. "आता सुईने सगळं खरवडून काढलंय. मी पाठवेन तिकडे. पण आशा ठेवू नका. माझं ऐका, ठेवू नका."

तिने चहा घेतला नाही. जाताना बुरुलला मिठी मारली, आणि फाटकापाशी गेल्यावर तोंडावर हात घेऊन एकटीच रडली. ती डिस्क पुढे बिश्केकला गेली आणि तशीच परत आली.

गुलबर्चिन गेल्यावर बुरुल शेगडीपाशी बसली. जुमादिल उभाच राहिला. एकदा घाटात ट्रक कलंडला तेव्हा डेपोच्या साहेबासमोर उभा राहिला होता, तसा.

"म्हातारे, तुला सांगायचंय. दोन दिवस चालवली, ते तर तू बघितलंस. पण ती आधीच गेली होती. मी घालवली. दफनाच्या दिवशी डबा चालू होता आणि मी गोधडी टाकली. वर शेगडी. पोराने पहिल्याच पानावर सांगितलं होतं."

"माहीत आहे मला," बुरुल म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"चालू होता ते. मी याच खोलीत निजत होते ना. आतून घुरघुर यायची. बायका गेल्या, दिवा मालवला की ऐकू यायची." तिने शेगडीचं दार उगाच उघडून लावलं. "अकरा दिवस येत होती. मला माहीत होतं झाकायचं नसतं. मला तर त्याने रुमाल टाकू दिला नव्हता. उठावं, गोधडी काढावी, बंद करावा, असं रोज वाटायचं."

"मग?"

"मग काय. बरं वाटायचं. खोलीत कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. बंद केला असता तर तेही गेलं असतं." तिने मांडीवरचं पीठ झटकलं. "बाराव्या दिवशी आपोआप थांबलं. तेव्हा मी रडले. तुम्हाला वाटलं, त्याच्यासाठी रडतेय."

जुमादिल खाली बसला. गुडघे वाजले. दोघांनी मिळून जपलं होतं आणि दोघांनी मिळून घालवलं होतं. कुणाला बोल लावायची सोय नव्हती. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं आणि तो रडला. बुरुलने त्याला थांबवलं नाही.

मग तिने टेबलावरची वही उचलली. तिला चष्म्याशिवाय दिसायचं नाही आणि चष्मा कुठे ठेवलाय हे तिला कधी आठवायचं नाही. तिने वही त्याच्या पुढ्यात ठेवली.

"वाचा."

"ह्यात काय आहे? प्लग, वायर..."

"तुम्ही सगळं लिहायचात ना? तो ओरडायचा तुमच्यावर, हे नका लिहू, ते नका लिहू."

"सगळं लिहिलंय."

"मग वाचा. पहिल्यापासून."

त्याने डोळे पुसले, चष्मा लावला, पहिलं पान काढलं. दोन ओळी वाचल्या: तारीख, आणि बसवाल्याने डबा दारात आणून आपटला म्हणून त्याला दिलेल्या शिव्या. तिसऱ्या ओळीवर तो अडला.

"थांबू नका," बुरुल म्हणाली.

"अपाने रुमाल टाकलाय तो काढायचा," जुमादिल वाचू लागला. "मशीनवर काही टाकायचं नाही. बुरुल चिडली. म्हणाली, उघडा ठेवला तर धूळ बसेल. तो म्हणाला, बसू दे अपा, धूळ पुसता येते. त्याचा श्वास कोंडला तर मी इथून काय करणार?"

"मी काय म्हटलं त्यावर?" बुरुलने विचारलं.

जुमादिलने पान उलटलं.